सात मिलिमीटरची गोळी आणि एक हजार हत्ती : ‘करामोजो’ बेल यांचे आयुष्य

इन्व्हरनेसहून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गार्व्ह नावाचे छोटेसे गाव लागते. त्याच्या परिसरातील कॉरिमॉयली या डोंगराळ जमिनीवर एक निवृत्त गृहस्थ आपल्या पत्नीसह राहत असत. तांबड्या हरणांच्या मागावर ते डोंगर चढत, चित्रे काढीत आणि जुन्या आठवणी लिहीत. ३० जून १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल हे त्यांचे नाव. जग मात्र त्यांना ‘करामोजो’ बेल म्हणून ओळखत होते. त्यांच्या नावावर १,०११ हत्तींची शिकार नोंदलेली आहे. त्यांतील सुमारे आठशे हत्ती त्यांनी अवघ्या सात मिलिमीटर व्यासाच्या गोळीने मारले. मोठ्या जनावरासाठी गोळी कशी असावी, हा वाद आजही निघाला की बेल यांचे नाव पुढे येते. मात्र त्यांच्या यशाचे खरे कारण ठाऊक नसताना दिलेला हा दाखला जनावराच्या जिवावर बेततो.

बेल यांचा जन्म १८८० साली एडिंबरोजवळच्या एका सधन कुटुंबात झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि थोरल्या भावांनी त्यांचा सांभाळ केला. शाळेत मन रमले नाही. आफ्रिकेत जाऊन हत्तींची शिकार करायची, हा बालवयातील ध्यास सुटता सुटेना. तेराव्या वर्षी ते जहाजावर उमेदवारीला लागले. सतरा वर्षांचेही नसतील तेव्हा पूर्व आफ्रिकेत पोहोचले आणि युगांडा रेल्वेच्या बांधकामावर सिंहांपासून माणसांचे रक्षण करण्याचे काम त्यांना मिळाले. या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी घाम गाळला होता, आणि त्सावोच्या नरभक्षक सिंहांनी त्यांतील अनेकांचा बळी घेतला होता.

तेथून नशिबाने त्यांना कॅनडाच्या युकॉन प्रांतात नेले. सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीने डॉसन शहर फुगले होते आणि त्या गर्दीला मांस हवे होते. बेल यांनी एकबारी रायफलीने मोठी जनावरे मारून मांस पुरवण्याचा धंदा केला. भागीदाराने पैसे घेऊन पोबारा केला आणि त्यांच्या हाती केवळ रायफल उरली. तीही विकून ते कॅनडाच्या घोडदळातून बोअर युद्धावर गेले. त्या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या हाती सात मिलिमीटरच्या जर्मन माउझर रायफली होत्या. त्यांच्या लांब पल्ल्याने आणि अचूकतेने ब्रिटिश फौजेला जेरीस आणले. पुढे बेल यांनी हत्तींसाठी निवडले ते हेच काडतूस. लंडनच्या जॉन रिग्बी या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने त्याला इंग्रजी मापानुसार ‘पॉइंट टू सेव्हन फाइव्ह’ असे नाव दिले होते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, तीही याच मापाची.

युद्ध संपल्यावर बेल आफ्रिकेतच राहिले. युगांडाच्या ईशान्येस करामोजा नावाचा कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख आहे. तेथे त्यांनी अनेक वर्षे हत्तींचा माग काढला आणि त्या मुलखाचे नाव त्यांना कायमचे चिकटले. माग काढण्याचे खरे ज्ञान स्थानिकांकडे होते. पिजाले या करामोजाच्या वाटाड्याचे ऋण बेल यांनी आपल्या लिखाणात मोकळेपणाने मान्य केले आहे. पुढे लाडो, अबिसिनिया, काँगो, लायबेरिया असा त्यांचा संचार झाला. हा सारा खटाटोप हस्तिदंतासाठी होता. लंडनच्या बाजारातून ते दात बिलियर्डचे चेंडू आणि पियानोच्या पट्ट्या बनवणाऱ्यांकडे जात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुंबईला येणाऱ्या दातांच्या बांगड्या होत.

त्या काळचे बहुतेक शिकारी हत्तीसाठी अवजड दुनळी रायफल वापरीत. ‘पॉइंट फाइव्ह सेव्हन सेव्हन’ या मापाची गोळी सुमारे ४८ ग्रॅम वजनाची असे आणि ती झाडणारी रायफल सहा किलोच्या आसपास भरे. बेल यांची गोळी ११ ग्रॅमची होती. नळीतून सुटताना तिच्यात असलेली ऊर्जा त्या मोठ्या गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती. तरीही हत्ती जागच्या जागी कोसळे. याचे उत्तर हत्तीच्या कवटीत आणि गोळीच्या घडणीत दडलेले होते.

हत्तीचे मस्तक प्रचंड दिसते, पण त्याचा बराचसा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र हाडाचा असतो. मेंदू त्या मानाने लहान असून कवटीच्या मागच्या भागात, खालच्या बाजूस बसलेला असतो. गोळी त्याला चुकवून गेली तर ती कितीही जड असो, हत्ती मरत नाही. फार तर क्षणभर सुन्न होतो. बेल यांनी मारलेल्या हत्तींच्या कवट्या करवतीने उभ्या चिरून पाहिल्या. समोरून, बाजूने आणि तिरकस मागून पाहताना मेंदू नेमका कोठे येतो, याचे चित्र त्यांनी मनात पक्के केले. पळणाऱ्या हत्तीच्या तिरकस मागून मेंदूचा वेध घेण्याच्या पद्धतीला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

तेथवर पोहोचायला गोळी आकार न बदलता सरळ जायला हवी. शिकारी गोळ्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात टोकाशी मऊ शिसे उघडे असते. अंगात शिरताच ते टोक छत्रीसारखे पसरते, जखम रुंद होते आणि हरणासारख्या पातळ कातड्याच्या जनावराची फुप्फुसे वा हृदय तत्काळ निकामी होते. दुसऱ्या प्रकारात शिशाचा गाभा कठीण धातूच्या आवरणाने पूर्ण झाकलेला असतो. ही गोळी पसरत नाही. हाड भेदून पुढे जाते. मऊ टोकाची गोळी हत्तीच्या कपाळावर झाडली तर ती मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच चपटी होऊन अडकते. बेल यांची गोळी सैनिकी वापराची होती : पूर्ण आवरणाची, गोल टोकाची आणि जाडीच्या मानाने लांब. वजन मागे आणि तोंड लहान असल्यामुळे तिला वाटेत विरोध कमी होई आणि ती सहसा दिशा सोडीत नसे.

हलक्या रायफलीचे इतर फायदेही होते. धक्का कमी, त्यामुळे नेम ढळत नसे. दिवसभर खांद्यावर वागवली तरी हात थकत नसे. बाराचा आवाजही सौम्य. मेंदूत गोळी लागलेला हत्ती मुकाट्याने खाली बसला की कळपातील इतर हत्तींना काय घडले ते चटकन उमगत नसे. काडतुसांच्या विश्वासार्हतेबाबत बेल अतिशय काटेकोर होते. याहूनही बारीक मापाची एक रायफल त्यांना आवडली होती, पण तिची काडतुसे दगा देऊ लागताच त्यांनी ती बाजूला ठेवली. जर्मन बनावटीच्या सात मिलिमीटर काडतुसांवर त्यांचा भरवसा अखेरपर्यंत टिकला. चालताना, थांबताना रिकाम्या रायफलीने नेम धरण्याचा सराव तर अखंड चाले.

याच कौशल्याची दुसरी बाजू त्या आकड्यात आहे. एकाच दिवशी नऊ हत्ती मारल्याची नोंद बेल यांच्या नावावर आहे, आणि त्या दिवसाच्या कमाईचा हिशेबही त्यांनी लिहून ठेवला आहे. हत्तीला वेदना कमी झाल्या हे खरे. पण मारणे जितके सोपे झाले, तितके कळप लवकर विरळ झाले. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड १९०९ च्या अखेरीस वारला आणि लाडोचा प्रदेश सुदानकडे सोपवण्याची वेळ आली. त्या संधिकाळात कोणाचाच धाक उरला नाही, तेव्हा शिकाऱ्यांच्या झुंडी तेथे घुसल्या. बेल यांच्यासारखा अभ्यास त्यांतील फारच थोड्यांचा होता. कवटीची ओळख नसलेल्या हाती तीच सात मिलिमीटरची गोळी म्हणजे जखमी होऊन दिवसेंदिवस फिरणारा हत्ती. पुढे आफ्रिकेतील अनेक देशांनी अशा जनावरांसाठी गोळीच्या मापाची किमान मर्यादा घातली. त्या मर्यादेत बेल यांची आवडती रायफल बसत नाही.

पहिल्या महायुद्धात बेल वैमानिक झाले. पूर्व आफ्रिका आणि सालोनिका येथील आघाड्यांवर त्यांनी विमान चालवले आणि ‘मिलिटरी क्रॉस’ हे पदक मिळवले. युद्धानंतर त्यांचा विवाह झाला. १९२३ साली हत्तींच्या शिकारीवरील त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रेही त्यांनीच काढली होती. पुढे पत्नीसह शर्यतीच्या शिडाच्या नौकेवर त्यांनी अनेक हंगाम काढले आणि उतारवयात ते हायलँड्सच्या डोंगरांत स्थिरावले.

येथे त्यांच्यासमोरचे जनावर बदलले. स्कॉटलंडचे तांबडे हरीण हे अमेरिकेतील एल्कचे जवळचे नातलग आणि सह्याद्रीतील सांबराच्या कुळातले. कातडे पातळ, हाडे बेताची. आयुष्यभर न पसरणारी गोळी वापरणाऱ्या बेल यांनी येथे दुसरे टोक गाठले. १९३५ साली अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने ‘टू ट्वेंटी स्विफ्ट’ हे काडतूस बाजारात आणले होते. त्याची गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, पण सेकंदाला सुमारे १,२५० मीटर वेगाने सुटणारी. ती अंगात शिरताच फुटून विखुरते. बेल यांनी ती हरणांवर वापरली आणि तिच्या परिणामाने ते भारावून गेले. फासळ्यांमधून फुप्फुसात शिरली की हरीण वीज पडल्यासारखे कोसळे.

पण हीच गोळी दोन बोटे पुढे, खांद्याच्या जाड हाडावर बसली तर ती आत पोहोचण्याआधीच फुटू शकते. मग वर मोठी जखम दिसते, आतली फुप्फुसे शाबूत राहतात, आणि हरीण तीन पायांवर दरी ओलांडून नाहीसे होते. बेल यांचा हात असे क्वचितच होऊ देई. कायदा मात्र सामान्य हातांसाठी करावा लागतो. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने तांबड्या हरणासाठी तीन अटी घातल्या : गोळी किमान १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमची (ही वजनमर्यादा २०२३ पर्यंत होती), वेग सेकंदाला किमान २,४५० फूट आणि ऊर्जा किमान १,७५० फूट-पाउंड. शिवाय गोळी पसरणारी असावी. ‘स्विफ्ट’ वेगाची आणि ऊर्जेची अट पार करते. वजनाच्या अटीवर मात्र नापास होते. बेल यांची हत्तीवरची गोळीही येथे बाद ठरते, कारण ती पसरत नाही. केवळ ऊर्जेच्या आकड्यावरून गोळीची योग्यता ठरत नाही, हे या तरतुदीत शब्दबद्ध झाले आहे. जड हाडामागच्या मेंदूसाठी न फुटणारी गोळी हवी, पातळ फासळ्यांमागच्या फुप्फुसांसाठी पसरणारी हवी, आणि ती पसरली तरी आत पोहोचण्याइतके वजन तिच्यात शिल्लक राहिले पाहिजे.

बेल यांच्या आठवणींचे अखेरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० साली प्रसिद्ध झाले. ज्या करामोजाने त्यांना नाव दिले, तेथे १९६२ साली किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि आज हत्ती तेथे संरक्षणाखाली वावरतात. ब्रिटनने २०१८ साली हस्तिदंताच्या व्यापारावर जवळपास संपूर्ण बंदी घालणारा कायदा केला. ज्या दातांसाठी बेल यांनी कवट्या चिरल्या, त्यांना या देशात आता बाजार उरलेला नाही. त्या चिरलेल्या कवट्यांनी शिकवलेली शरीररचना मात्र आजही उपयोगी पडते. जखमी जनावर तडफडत मागे राहू नये एवढे ज्याला साधायचे आहे, त्याने रायफल उचलण्याआधी समोरच्या प्राण्याचे हाड कोठे आणि प्राण कोठे, हे शिकून घ्यावे लागते. बेल यांनी ते आधी शिकून घेतले होते. त्यांची रायफल त्यानंतरची गोष्ट होती.