कायद्याचे अध्यापक डॉ. आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ज्याच्या कानी पडले नाही, असा मनुष्य आपल्या मराठवाड्यात सापडावयाचा नाही. परंतु हे घटनाकार काही वर्षे कायद्याचे अध्यापक होते आणि फौजदारी न्यायालयात आरोपींच्या बाजूनेही उभे राहिले होते, हे तरुण पिढीस फारसे ठाऊक नसते. म्हणून त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग येथे सांगण्याचे योजिले आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील लष्करात सुभेदार होते. मुंबई, न्यूयॉर्क व लंडन येथे विद्यार्जन करून १९२२ साली ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले व पुढील वर्षी मुंबईस वकिली करू लागले. अस्पृश्यतेमुळे पक्षकार येण्यास कचरत. प्रारंभीचे दिवस मोठ्या ओढगस्तीचे गेले. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील खटल्यात शिक्षा झालेल्या जेधे, जवळकर आदींचे अपील त्यांनी पुण्यास चालविले व आरोपी निर्दोष सुटले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील खटल्यात मात्र अपयश आले. तथापि लोकमत विरुद्ध असलेल्या आरोपीसही वकील मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी आचरणात आणून दाखविले.

१९२८ साली ते मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९३५ ते १९३८ या काळात त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. ज्यास बालपणी शाळेत वेगळे बसावे लागले, त्यानेच पुढे भावी वकिलांस व न्यायाधीशांस कायदा शिकविला!

या व्यासंगाचे फळ घटनेत दिसते. सार्वजनिक सुरक्षितता व व्यक्तिस्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, हा घटना समितीपुढील बिकट प्रश्न होता. कायद्याने ठरविलेल्या रीतीने स्वातंत्र्य हिरावून घेता येईल, या तरतुदीवर पुष्कळ टीका झाली होती. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगावे, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे ते सांगते. प्रतिबंधक स्थानबद्धतेस त्यात वाव आहे, तेथे हे संरक्षण लागू नाही. परंतु तिलाही मर्यादा घातल्या आहेत.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महानिर्वाण झाले.

माझे कित्येक विद्यार्थी आज जालन्याच्या एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत राबत आहेत. रात्रपाळीहून परतणारा एखादा मुलगा संशयावरून ठाण्यात नेला गेला, तर घरची माणसे रडत बसतात किंवा ओळखीचा पुढारी शोधू लागतात. त्यांनी प्रथम घड्याळ पाहावे व वकील गाठावा. ते २४ तास ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आपला हक्क होय. प्रत्येक सभासदाने एवढे कलम तरी आपल्या मुलामुलींस समजावून सांगावे, ही नम्र विनंती.