लोकनायक बापूजी अणे आणि आपण सीमेवरचे

भाषेचा विषय निघाला की सावरगाव-पांढुर्ण्याच्या बाजूला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आपण महाराष्ट्रात का गेलो नाही, हा पहिला. पुढच्या पिढीच्या मराठीचे काय होणार, हा दुसरा. पहिला प्रश्न जुनी मंडळी विचारतात, दुसरा शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईबाप. सीमाभाग म्हटला की महाराष्ट्रातल्या वाचकाला बेळगाव, कारवार, निपाणी आठवते. पांढुर्णा आणि सौंसर तहसीलीत घराघरांत मराठी बोलली जाते, हे त्याला सांगावे लागते.

या भाषा विशेषांकासाठी आम्ही एका लोकप्रतिनिधीचे चरित्र मुद्दाम निवडले आहे. ते आमच्या तहसीलीचे नव्हते. परंतु दिल्लीच्या सभागृहात त्यांनी प्रथम वऱ्हाडचे आणि पुढे नागपूरचे प्रतिनिधित्व केले, आणि भाषा व राज्य यांचा संबंध काय असावा या प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिका आम्हा सीमेवरच्यांना आजही विचार करायला लावते. ते म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे.

वणीचा वकील, वऱ्हाडचा प्रतिनिधी

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकी केली, नंतर कायद्याची परीक्षा देऊन यवतमाळला वकिली सुरू केली. राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी. संस्कृतचा व्यासंग मात्र त्यांनी राजकारणाच्या धकाधकीतही कधी सोडला नाही.

१९२४ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. त्या वेळी वऱ्हाडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. कागदोपत्री हा मुलूख निजामाचा. १९०२ च्या करारान्वये इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला. त्यामुळे वऱ्हाडचे मतदार ज्याला निवडून देत, त्याची सरकारकडून रीतसर नियुक्ती होत असे, आणि कामकाजात त्याच्या नावापुढे वऱ्हाडचा प्रतिनिधी असा वेगळा उल्लेख येत असे. आपला मुलूख नेमका कोणाचा, हा प्रश्न बापूजींच्या राजकारणाच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत होता.

कायदेमंडळात जायचे ते केवळ अडवणूक करण्यासाठी, की मिळेल तेवढा अधिकार हाती घेऊन तो लोकांसाठी वापरण्यासाठी, यावरून १९२६ साली स्वराज्य पक्षात फूट पडली. केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर बापूजी प्रतियोगी सहकारितेच्या बाजूला गेले. मिळाले ते पदरात घ्यावे आणि उरलेल्यासाठी भांडत राहावे, हा टिळकांचा धडा त्यांनी मानला.

१९२८ साली भारताच्या राज्यघटनेचा आराखडा करण्यासाठी पंडित मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बापूजी तिचे सभासद होते. प्रांतांची फेररचना करताना त्या भागाची भाषा आणि तेथील लोकांची इच्छा या दोन गोष्टी प्रामुख्याने पाहाव्यात, असे या समितीच्या अहवालात मांडले गेले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तीस वर्षांनी बापूजींच्या विरोधकांनी त्यांना भाषेचा शत्रू ठरवले, तेव्हा हा अहवाल फार थोड्यांना आठवला.

जंगलापासून दिल्लीपर्यंत

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडला समुद्र नाही. मग कायदा मोडायचा कोणता? उत्तर जंगलात सापडले. राखीव जंगलातले गवत कापून त्या वर्षी जुलैमध्ये बापूजींनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. हे लोण आमच्या बाजूलाही पसरले. बैतूल जिल्ह्यातील घोडाडोंगरीकडचे गोंड आणि कोरकू, शिवनी जिल्ह्यातील तुरियाचे गावकरी याच आंदोलनात उतरले आणि त्यांनी गोळ्याही झेलल्या. गवत आणि लाकूड हा डोंगराकाठच्या माणसाचा रोजचा प्रश्न होता. तो देशाच्या चळवळीला जोडला गेला, हे त्या सत्याग्रहाचे महत्त्व.

१९३३ साली बहुतेक मोठे पुढारी तुरुंगात असताना बापूजींकडे काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद आले. सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रह सुरू ठेवण्याचा निर्णय गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनीच जाहीर केला. काँग्रेसमध्ये याहून मोठी जागा नव्हती. तरीही पुढच्याच वर्षी ते काँग्रेस नेतृत्वाच्या विरोधात उभे राहिले.

कारण होते ब्रिटिश पंतप्रधानांनी दिलेला जातीय निवाडा. धर्मवार वेगळे मतदारसंघ या निवाड्याने कायम केले. काँग्रेसने तो स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही असे ठरवले. देशाच्या एवढ्या मोठ्या प्रश्नावर मौन बापूजींना आणि पंडित मदनमोहन मालवीयांना पटले नाही. ऑगस्ट १९३४ मध्ये दोघांनी वेगळा काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. त्या निवडणुकीत या पक्षाला बंगालमध्ये चांगले यश मिळाले आणि सभागृहात बापूजी त्याचे नेते झाले.

फेब्रुवारी १९३५ मध्ये कसोटी लागली. घटना सुधारणेच्या अहवालावरील चर्चेत बॅरिस्टर जीनांनी दुरुस्ती मांडली. पर्यायी तडजोड होईपर्यंत निवाडा मान्य करावा, असे तिच्या पहिल्या भागात होते. काँग्रेस तटस्थ राहिली, सरकारी बाकांनी बाजूने मते दिली आणि तो भाग संमत झाला. बापूजींचा लहानसा पक्ष विरोधात राहिला. हरणार हे माहीत असूनही मत नोंदवायचे, हा त्यांचा स्वभाव.

या भूमिकेशी आम्ही सर्वस्वी सहमत आहोत असे नाही. आम्ही स्वतः या राज्यात भाषेने अल्पसंख्य आहोत. थोड्यांना संरक्षण लागते, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. पण मतदारांच्या वेगळ्या पेट्या करणे निराळे आणि मुलांना मातृभाषेत शिकण्याचा हक्क देणे निराळे. पहिल्याने माणसे एकमेकांपासून तुटतात, दुसऱ्याने ती शेजारी म्हणून टिकतात. एवढा फरक आम्ही करतो.

चिमूरचा प्रश्न

बापूजींच्या चरित्रातले सर्वांत अवघड पान १९४१ ते १९४३ या काळाचे आहे. १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात काही हिंदी सभासद घेण्यात आले, त्यात बापूजी होते. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांना अटक झाली तेव्हा ते सरकारच्या बाजूला बसलेले होते. त्याच महिन्यात चांदा जिल्ह्यातील चिमूरला उठाव झाला, आणि त्यानंतर सैनिकांनी तेथे, विशेषतः स्त्रियांवर, केलेल्या अत्याचारांच्या तक्रारी पुढे आल्या.

प्राध्यापक भन्साळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीत बापूजींच्या बंगल्यावर गेले आणि त्यांनी उपोषण सुरू केले. आपल्याच मुलखातला माणूस आपल्याच प्रश्नासाठी दारात उपाशी बसला, आणि घरधनी सरकारात असूनही काही करू शकला नाही. भन्साळींचे उपोषण साठ दिवसांहून अधिक चालले आणि जानेवारी १९४३ मध्ये सुटले. पुढच्याच महिन्यात गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. सरकार त्यांना सोडायला तयार नाही असे दिसताच बापूजी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले.

चिमूरच्या वेळीच त्यांनी ते का दिले नाहीत, असे विचारणारे तेव्हाही होते आणि आम्हालाही तो प्रश्न रास्त वाटतो. थोरांचे चरित्र सांगताना असे पान गाळण्याची पद्धत आहे. आम्ही ते गाळत नाही. सत्तेत राहून काम करण्याला एक मर्यादा असते, ती ओळखायला बापूजींना उशीर झाला. पण ओळखल्यावर ते खुर्चीला चिकटून राहिले नाहीत.

यानंतर १९४३ ते १९४७ ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. पुढे घटना समितीचे सभासद आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल झाले.

भाषा एक, राज्ये किती?

राज्यपालपद संपले तेव्हा बापूजींनी सत्तरी ओलांडली होती. पण त्यांचे शेवटचे मोठे काम अजून व्हायचे होते. डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. बापूजी आणि ब्रिजलाल बियाणी यांनी त्याच्यापुढे वेगळ्या विदर्भाची बाजू मांडली. सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आयोगाने ती मान्य केली आणि आठ जिल्ह्यांचे विदर्भ राज्य सुचवले. सरकारने मात्र ते स्वीकारले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले.

तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि आमचीही. कचेरीचे काम, बाजार, दवाखाना, मुलांचे कॉलेज, सगळे नागपूरला. त्या दिवसापासून आमची राजधानी भोपाळ झाली. संत्र्याच्या गाड्या नागपूरलाच जात राहिल्या, अर्जांची वाट तेवढी बदलली.

१९५९ साली नागपूरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर बापूजी अपक्ष म्हणून निवडून आले. वय अठ्ठ्याहत्तर. १९६० साली मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र बनला, तेव्हाही त्यांनी विदर्भाची मागणी सोडली नाही. १९६२ मध्ये नागपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले, आणि १९६७ पर्यंत ते लोकसभेत होते.

विदर्भवाद्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हिंदी बोलणाऱ्यांची अनेक राज्ये असू शकतात तर मराठी बोलणाऱ्यांची दोन का नसावीत? भाऊ वेगळे राहिले म्हणून कूळ तुटत नाही. संयुक्त महाराष्ट्रवाद्यांना यात भाषेशी द्रोह दिसला. आम्हाला दोन्ही बाजूंचा जिव्हाळा समजतो. पण आमची गोष्ट या दोघांहून निराळी आहे. विदर्भाच्या त्या आठ जिल्ह्यांत छिंदवाडा नव्हता. संयुक्त महाराष्ट्र झाला, त्यातही पांढुर्णा-सौंसर आले नाहीत. दोन्ही नकाशांच्या रेघा आमच्या शेतांच्या अलीकडूनच गेल्या.

म्हणून नकाशावर रुसून बसण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. १९५६ साली घटनेच्या सातव्या दुरुस्तीने दोन गोष्टी दिल्या. कलम ३५०(अ) प्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करायची आहे. कलम ३५०(ब) प्रमाणे भाषिक अल्पसंख्यांसाठी खास अधिकारी नेमायचा असून त्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे आहेत. म्हणजे आमच्या मुलांच्या मराठीचा प्रश्न दिल्लीत विचारण्याची वाट घटनेने मोकळी ठेवलेली आहे. ती वाट चालणारा प्रतिनिधी मात्र आम्हीच निवडायचा आहे.

हिशेब मतदाराचा

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. टिळकांच्या चरित्रावर त्यांनी रचलेल्या 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या संस्कृत महाकाव्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. विदर्भाचा प्रश्न त्यांच्या घराण्यातही मागे पडला नाही. त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी २०१६ साली याच विषयावरून उठलेल्या वादात महाराष्ट्राचे महाधिवक्तापद सोडले.

बापूजी एका पक्षात फार काळ रमले नाहीत. त्यांची सगळीच मते बरोबर होती असेही नाही. पण ते कोणत्या प्रश्नावर कोणाच्या बाजूला उभे राहिले, हे आज इतक्या वर्षांनी आम्ही सांगू शकतो, कारण ते उघडपणे उभे राहिले. आमच्यापैकी किती जणांना आपल्या खासदाराबद्दल एवढे सांगता येईल? त्याने मराठी शाळा, मराठी शिक्षक, मराठी पुस्तके यांबद्दल सभागृहात कधी प्रश्न विचारला का? लोकसभेचे कामकाज छापले जाते, आता ते संसदेच्या संकेतस्थळावरही पाहायला मिळते. गावातल्या शिकलेल्या मुलाला बसवले तर तासाभरात उत्तर सापडेल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जिल्ह्याची कचेरी जवळ आली, हे चांगलेच झाले. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव जसे अटीतटीने उभे राहतात, त्याच ईर्ष्येने, पण दगड खाली ठेवून आणि एकाच काठावर उभे राहून, दोन्ही गावांनी मराठी वर्गांची मागणी लावून धरावी. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला कलम ३५०(अ) माहीत आहे का, हे आम्ही विचारणार आहोत. वाचकांनीही विचारावे.