बिॲट्रिसची चकती

मैत्रिणींनो, टर्बोवाल्या स्पोर्ट्‌स कारची ताकद वाढवायची, तर हवा आणि पेट्रोलचं गणित जमावं लागतं. हेच गणित लढाऊ विमानात जमवणारी बिॲट्रिस शिलिंग माझी फार लाडकी!

१९०९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या मुलीने १४व्या वर्षी मोटरसायकल घेतली. मँचेस्टरला शिकून ती इंजिनीअर झाली. १९३४ मध्ये ब्रुकलँड्‌सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांहून वेगाने नॉर्टन पळवून तिने गोल्ड स्टार पटकावला. १९३६ मध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत रुजू झाली.

मग महायुद्ध आलं. स्पिटफायर, हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनात हवा कोंबायला सुपरचार्जर होता, पण पेट्रोल यायचं कार्ब्युरेटरमधून. विमानाने एकदम खाली सूर मारला, की इंजिन आधी गचके खायचं, मग जादा पेट्रोलने गुदमरायचं. जर्मन विमानांत फ्युएल इंजेक्शन असल्याने ती निसटून जायची. इथे क्षणाचा उशीर म्हणजे जिवाशी गाठ!

नवा कार्ब्युरेटर येईपर्यंत थांबणार कोण? बिॲट्रिसने पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाच्या भोकाची छोटीशी चकती बसवली. इंजिनला लागेल तेवढंच पेट्रोल पुढे जाणार, बस्स! १९४१ मध्ये लहानसं पथक घेऊन तळातळांवर जाऊन तिने या चकत्या बसवून दिल्या. वैमानिकांनी चकतीला तिचंच नाव दिलं.

१९९० मध्ये ती गेली. अख्खं इंजिन न बदलता नेमकी अडचण हेरणारी तिची नजर मला मोलाची वाटते. ती नजर आपल्यातही असतेच की!