समुद्रापासून दूर बसून जलचरांचा कोश रचणारे गेस्नर

पडेगावच्या रहिवाशाला मुंबईचा समुद्र पाहायचा तर तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. सोळाव्या शतकातील झुरिचवासीयांनाही समुद्र दूरच होता. अशा सागरहीन देशात राहून कॉनराड गेस्नर यांनी युरोपातील जलचरांचा एक प्रचंड सचित्र ग्रंथ सिद्ध केला, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक नवलाची घटना होय.

गेस्नर यांचा जन्म २६ मार्च १५१६ रोजी झुरिच येथे झाला. वडील केसाळ कातड्यांचा व्यवसाय करीत. मुले पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी, म्हणून कॉनराड एका नातलगाकडे वाढले. औषधी वनस्पतींची गोडी त्यांना तेथेच लागली. १५३१ मध्ये काप्पेलच्या लढाईत वडील मारले गेले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढे लोझान येथे ग्रीक भाषेचे अध्यापन, १५४१ मध्ये बाझेल येथे वैद्यकातील पदवी आणि १५४५ मध्ये सुमारे तीन हजार लेखकांची ग्रंथसूची, असा त्यांचा प्रवास झाला. पोटासाठी वैद्यकी आणि ध्यास ग्रंथांचा, असेच त्यांचे आयुष्य गेले.

'हिस्टोरिया अॅनिमॅलियम' या प्राणिकोशाचा पहिला खंड १५५१ मध्ये निघाला. जलचरांचा चौथा खंड १५५८ चा. त्याची पाने बाराशेहून अधिक आहेत. झुरिचचे मुद्रक फ्रोशाउअर यांनी तो छापला. लाकडावर कोरलेल्या ठशांवरून चित्रे उमटवली जात आणि काही प्रती हाताने रंगविल्या जात.

मात्र शेकडो मासे प्रत्यक्ष पाहणे गेस्नर यांना शक्य नव्हते. फ्रान्सचे रोंदेले व बेलाँ आणि रोमचे साल्विआनी यांची मत्स्यविषयक पुस्तके नुकतीच प्रसिद्ध झाली होती. त्यांतील चित्रे, तसेच ठिकठिकाणच्या विद्वानांनी पत्रांसोबत पाठविलेली रेखाटने त्यांनी वापरली. परक्या डोळ्यांवर विसंबण्याचा धोका त्यात होताच. पहिल्या खंडातील गेंडाच पाहा. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला तो प्राणी पोर्तुगीजांनी १५१५ मध्ये जहाजाने लिस्बनला नेला. ड्यूररने त्याला न पाहताच चिलखत घातल्यासारखे त्याचे चित्र काढले आणि गेस्नर यांनी तेच छापले.

समुद्रात तर अफवांना ऊतच आला होता. साधूचा वेष केलेला मासा, बिशपसारखा मासा, ज्याच्या पाठीवर खलाशी चूल पेटवतात असा देवमासा, ही सर्व चित्रे चौथ्या खंडात आहेत. गेस्नर यांनी ती गाळली नाहीत, परंतु चित्र कोणाकडून आले हे नोंदविले. स्वीडनच्या ओलाउस मॅग्नस यांच्या नकाशातील राक्षसी जलचर खलाशांच्या सांगण्यावरून रेखाटले गेले असावेत, अशी शंकाही त्यांनी मांडली. या सावधपणामुळेच हा कोश आजही अभ्यासनीय ठरतो. भाबडेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी तो नीट वाचलेला नसतो.

ते प्रोटेस्टंट असल्याने १५५९ मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत त्यांचे नाव आले. तरीही १५६० मध्ये जलचरांचा स्वतंत्र चित्रसंग्रह त्यांनी काढलाच. प्लेगच्या साथीत १३ डिसेंबर १५६५ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, ते निधन पावले. वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ अपुराच राहिला. सापांविषयीचा पाचवा खंड १५८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८५० च्या दशकात डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रप यांनी जुनी चित्रे पडताळून, 'साधू मासा' म्हणजे बहुधा महाकाय माखूळ असावा, असे मत मांडले. काही संशोधकांना तो एक प्रकारचा शार्क वाटतो. हा वाद अद्याप मिटलेला नाही.