अल्लामा फज्ले हक खैराबादी (रह.)

अवधमधील खैराबाद येथे १७९७ साली जन्मलेले अल्लामा फज्ले हक (रह.) हे तर्कशास्त्राचे थोर जाणकार आणि मिर्झा गालिब यांचे स्नेही होते. १८५७ च्या उठावात सामील झाल्याचा आरोप ठेवून इंग्रज सरकारने १८५९ मध्ये लखनौ येथे त्यांच्यावर खटला चालविला. मालमत्ता जप्त झाली व जन्मठेप भोगण्यासाठी त्यांची अंदमानात रवानगी करण्यात आली. साठी उलटलेल्या या आलिमाने तेथे कैद आणि आजार दोन्ही सब्राने सोसले. ग्रंथसंग्रह मागे राहिला होता. परंतु आयुष्यभर आत्मसात केलेले इल्म सोबत होते. त्या बळावर त्यांनी कैदेतच उठावाची हकिकत अरबीत लिहिली. तोच ‘अस्सौरतुल हिंदिया’ हा ग्रंथ होय. १८६१ मध्ये अंदमानातच त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांना जन्नतुल फिरदौस अता करो. आमीन.