ज्या कोर्टाचे ते अध्यक्ष होते, तिथे त्यांच्याच देशातल्या माणसाला दाद मागता येत नव्हती!

एखादा देश मानवाधिकारांच्या करारावर सही करतो, बातमीत फोटो येतो आणि आपण पुढे स्क्रोल करतो. त्यातून सामान्य माणसाला नेमकं काय मिळतं? हे समजायला रेने कासँ यांची गोष्ट वाचायला हवी.

कोण होते कासँ?

जन्म १८८७ चा, फ्रान्सच्या बायोन शहरातल्या ज्यू कुटुंबातला. शिक्षण कायद्याचं. पहिल्या महायुद्धात ते गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांनी जखमी सैनिकांची संघटना बांधली आणि त्यांच्या पेन्शनसाठी लढा दिला.

१९४० मध्ये हिटलरनं फ्रान्स घेतला, तेव्हा ते लंडनला द गॉल यांच्याकडे गेले. नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारनं त्यांना गैरहजेरीतच फाशीची शिक्षा सुनावली. त्यांचे अनेक नातेवाईक नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले. सरकारच माणसाच्या जिवावर उठलं तर त्यानं जायचं कुठे, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी राहिला नव्हता.

जाहीरनामा झाला, पण...

१० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवाधिकारांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या मसुद्यावर कासँ यांनी मोठं काम केलं होतं. याच आयोगात भारताच्या हंसा मेहता होत्या. इंग्रजी मसुद्यात पुरुष असा अर्थ निघू शकणारा शब्द होता, तो बदलून सर्व मानव असा शब्द आणण्याचं श्रेय त्यांना जातं.

अडचण एकच होती. जाहीरनामा कोणत्याही देशावर बंधनकारक नव्हता.

बंधनकारक करार युरोपनं १९५० मध्ये केला आणि त्यासाठी स्ट्रासबर्गला कोर्टही उभं राहिलं. १९६५ ते १९६८ कासँ या कोर्टाचे अध्यक्ष होते. १९६८ चं शांततेचं नोबेलही त्यांना मिळालं. फ्रान्सनं मात्र सही करूनही करार मंजूर केला नव्हता. अल्जेरियातलं युद्ध आणि तिथल्या छळाचे आरोप हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. अखेर १९७४ मध्ये मंजुरी मिळाली. कासँ १९७६ मध्ये गेले. फ्रेंच नागरिकाला थेट तक्रारीची वाट मोकळी झाली १९८१ मध्ये.

मग बदललं काय?

फोन टॅपिंगबाबत फ्रान्सचा कायदा पुरेसा स्पष्ट नाही, असं कोर्टानं १९९० मध्ये सांगितलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सला नवा कायदा करावा लागला. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाला वारशात कमी वाटा मिळायचा. २००० मध्ये कोर्टानं हा भेदभाव ठरवला आणि २००१ मध्ये कायदा बदलला.

म्हणजे नुसत्या सहीनं फार काही हलत नाही. ती सही दाखवून साध्या माणसाला सरकारला कोर्टात खेचता आलं, की घरातला फोन आणि वारशाचा वाटासुद्धा बदलतो.

१९८७ मध्ये कासँ यांच्या अस्थी पॅरिसच्या पाँतेऑनमध्ये नेण्यात आल्या. तोवर फ्रान्सच्या माणसासाठी त्यांच्या कोर्टाचं दार उघडून सहा वर्षं झाली होती.