इमाम गझाली : इल्म आणि अखलाक

नमाज, रोजा आणि कुरआन शरीफचे पठण मुलांना शिकविले म्हणजे त्यांच्या वर्तनाची वेगळी काळजी करावयास नको, अशी पुष्कळ पालकांची प्रामाणिक समजूत असते. दीन आला की अखलाक त्याच्या मागोमाग येणारच, असे आपण धरून चालतो. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका थोर आलिमांना ह्या समजुतीविषयी शंका आली आणि ती त्यांनी प्रथम स्वतःलाच लावून पाहिली. हुज्जतुल इस्लाम ह्या पदवीने ओळखले जाणारे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) ते हेच होत.

त्यांचा जन्म इ. स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. हे ठिकाण आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ आहे. चरित्रकार सांगतात की, वडील गरीब होते. मृत्यूपूर्वी त्यांनी आपली थोडीशी शिल्लक आणि दोन्ही मुले एका सूफी मित्राच्या हवाली केली. पैसे संपल्यावर त्या मित्राने मुलांना मदरशात जाण्यास सांगितले, कारण तेथे शिक्षणाबरोबर जेवणाचीही सोय होती. म्हणजे इस्लामच्या ह्या महान विद्वानाने मदरशाचा उंबरठा ओलांडला तो पोटासाठी! ह्या गोष्टीची जाणीव त्यांना पुढे आयुष्यभर राहिली.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक कथा प्रसिद्ध आहे. जुर्जान येथून शिकून परतताना वाटेत लुटारूंनी त्यांची टिपणांची पिशवी हिसकावली. ती परत द्यावी म्हणून ते विनवणी करू लागले, तेव्हा लुटारूंचा म्होरक्या हसला. पिशवी गेल्याबरोबर जी विद्या जाते ती विद्या कसली, असे त्याने विचारले. पिशवी परत मिळाली खरी, पण ते बोल मनाला इतके लागले की पुढील तीन वर्षे त्यांनी ती सारी टिपणे पाठ करण्यात घालविली.

त्यानंतर निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी यांच्याजवळ त्यांचे उच्च शिक्षण झाले. इ. स. १०८५ मध्ये गुरू निवर्तले. पुढे सल्जूक सुलतानाचे वजीर निजामुल्मुल्क यांच्या दरबारी त्यांच्या वादपटुत्वाची कीर्ती झाली आणि १०९१ मध्ये वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. मान, पैसा, राजाश्रय, कशालाही तोटा नव्हता.

आणि नेमके येथेच त्यांना अस्वस्थता ग्रासू लागली. आपण शिकवितो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला, आणि प्रामाणिक उत्तर त्यांना बोचले. इ. स. १०९५ मध्ये सुमारे सहा महिने हा झगडा चालला. एक दिवस शिकविण्यास बसले असता जीभच उचलेना. अन्न उतरेना, शरीर खंगत गेले. हा मनाचा रोग आहे, औषधाने बरा होणार नाही, असे हकिमांनी सांगितले. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हजला जातो असे सांगून त्यांनी बगदाद सोडले. कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली.

दमास्कस, जेरुसलेम, हेब्रॉन, मक्का आणि मदीना असा त्यांचा प्रवास झाला. दमास्कस येथे जामे मशिदीच्या मिनारात ते दिवस दिवस एकांतात बसत. हेब्रॉन येथे हजरत इब्राहीम (अ.) यांच्या मजारीवर त्यांनी तीन गोष्टींची शपथ घेतली : सुलतानाच्या दरबारी जाणार नाही, त्याचे धन घेणार नाही आणि वादविवादात पडणार नाही.

ह्या काळातील चिंतनाचे फळ म्हणजे ‘इह्या उलूमुद्दीन’ हा ग्रंथ. त्याचे चार भाग असून प्रत्येकात दहा प्रकरणे आहेत. इबादतीसाठी पहिला भाग आहे. पण दुसऱ्यात जेवण, विवाह, कमाई, व्यापार, मैत्री असे रोजचे व्यवहार येतात. तिसऱ्यात क्रोध, मत्सर, लोभ, अहंकार हे माणसाचा नाश करणारे दोष, आणि चौथ्यात सब्र, शुक्र यांसारखे तारक गुण. ही मांडणीच त्यांचे मत सांगून जाते. मालातील दोष ग्राहकापासून लपविणारा दुकानदार त्यांच्या मते दीनच मोडत असतो.

मग सद्वर्तन येते कोठून? इमामसाहेबांच्या मते अखलाक म्हणजे एखादे सत्कृत्य नव्हे, तर मनाची अशी घडण की जिच्यातून सत्कृत्य विनासायास घडावे. ती घडण सवयीने होते. ज्याला सुलेखनकार व्हावयाचे आहे तो आरंभी चांगल्या अक्षराची नक्कल कष्टाने करतो. पुढे तेच अक्षर त्याच्या हाताचा स्वभाव बनते. उदारपणाचेही तसेच. विशेष असे की विवेक, शौर्य, संयम व न्याय हे चार मूलगुण त्यांनी ग्रीक परंपरेच्या तत्त्वज्ञांच्या विचारातून स्वीकारले. ह्याच तत्त्वज्ञांच्या काही सिद्धान्तांचे त्यांनी कठोर खंडन केले होते. तरीही सांगणारा परका आहे म्हणून सत्य नाकारणे त्यांना मान्य नव्हते.

धर्माच्या नावाने चालणाऱ्या आत्मवंचनेवर त्यांनी निर्भीडपणे बोट ठेवले. शेजारी उपाशी असताना पुन्हा पुन्हा हजला जाणारे, मशीद किंवा मदरसा बांधून त्यावर आपले नाव कोरण्यासाठी धडपडणारे, यांपैकी कोणालाही त्यांनी सोडले नाही. वैद्यक आणि गणित ही समाजासाठी फर्जे किफाया आहेत, म्हणजे काहींनी तरी शिकलीच पाहिजेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. कित्येक गावांत मुसलमान वैद्य नाही, पण फिक्ह शिकणाऱ्यांची मात्र गर्दी, अशी त्यांची तक्रार होती. कारणही त्यांनी सांगितले : वैद्यकाने काझीपद मिळत नाही आणि वक्फचा किंवा यतीमांच्या मालमत्तेचा कारभारही हाती येत नाही. असे लिखाण सर्वांस रुचणे शक्यच नव्हते. मुस्लिम स्पेनमध्ये फकिहांच्या आग्रहावरून त्यांच्या हयातीतच ‘इह्या’च्या प्रती जाळण्यात आल्या.

इ. स. ११०६ मध्ये निजामुल्मुल्क यांचे पुत्र व त्या वेळचे वजीर फख्रुल्मुल्क यांच्या आग्रहास्तव ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. मग शपथेचे काय झाले, असा प्रश्न तेव्हाही निघाला आणि आजही निघतो. इमामसाहेबांचे उत्तर असे की, पूर्वी ते मान मिळवून देणारी विद्या शिकवीत, आता मानाचा मोह सोडावयास लावणारी विद्या शिकवितात. हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. परंतु बाहेरून तेच आसन आणि तोच धडा असताना नियत बदलली की कर्म बदलते, ह्यावर त्यांची श्रद्धा होती. अखेरची वर्षे त्यांनी तूस येथे आपल्या घराशेजारील मदरशात व खानकाहात घालविली. डिसेंबर ११११ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते अल्लाहला प्यारे झाले.

‘इह्या’च्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी विद्यार्थ्यांची दहा व शिक्षकांची आठ कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्यांवर पोटच्या मुलांप्रमाणे माया करावी हे त्यांतील पहिले, आणि जे शिकवितो तसे वागावे हे शेवटचे. दीनियातचा तास वेळापत्रकात असावा, तो आवश्यकच आहे. पण त्या तासाला खरे बोलण्याचे महत्त्व शिकलेला मुलगा घंटा झाल्यावर हजेरीपटात, दुकानाच्या काट्यावर आणि घरातील वागणुकीत काय पाहतो, त्यावर त्याची सवय घडते. आम्हा शिक्षकांची आणि पालकांची परीक्षा तेथे होते, आणि तिचा निकाल मुलांच्या गुणपत्रिकेत येत नाही.